आठवडाभरात ऐकलेल्या पॉडकास्टमधले क्षण टिपावेत कसे आणि सांगावेत कोणाला

फोंड्याहून पणजीला रोज बसने जाणाऱ्याच्या हाती येता-जाता मिळून दोनेक तास असतात. ते मी पॉडकास्टला दिले आहेत. पहिले वर्षभर नुसतेच ऐकत गेलो. शनिवारी कोणी विचारले, "काय चांगले ऐकलेस?" तर कार्यक्रमांची नावे सांगता यायची, पण नेमके काय आवडले ते सांगता येत नसे. मग पद्धत बदलली. आता मी अख्खा भाग सुचवत नाही. त्यातला एक क्षण सुचवतो, आणि तोही एका ठरावीक माणसाला.

१. रविवारी रात्री पाच भाग उतरवून घ्या

पाच पुरतात. एक लांब, दोन मध्यम, दोन छोटे. मराठीत छोट्यासाठी बीबीसी मराठीची 'सोपी गोष्ट' सोयीची आहे, कारण बातमीमागचा एकच मुद्दा ती धरून ठेवते. घरात सहसा न बोलल्या जाणाऱ्या विषयांसाठी 'अमुक तमुक' या यूट्यूब वाहिनीचे 'खुसपुस' आहे. लांबासाठी अमित वर्मा यांचा इंग्रजी 'द सीन अँड द अनसीन'. २०१७ मध्ये तो सुरू झाला तेव्हा भाग छोटे असत, आता एकेक कित्येक तासांचा असतो. तो फोंडा ते पणजी असा तीन-चार दिवस पुरवून ऐकायचा.

घरच्या वायफायवर उतरवा, आणि शक्यतो व्हिडिओ न घेता नुसता आवाज घ्या. १२८ केबीपीएसच्या आवाजाला तासाला सुमारे ५८ एमबी लागतात, व्हिडिओला त्याच्या कित्येक पट. अनमोड घाटाकडे जाणार असाल तर हे आधीच करून ठेवा, तिथे नेटवर्कचा भरवसा नाही.

२. मिनिट लिहा, आणि त्याआधीचे वाक्यही

हे बसमध्ये किंवा फेरीबोटीत बसून करायचे. स्कूटरवर कानात काहीही घालू नका. आपल्या रस्त्यांवर मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येणे जास्त गरजेचे आहे.

ऐकता ऐकता बाहेरचे दिसेनासे झाले, की समजायचे क्षण सापडला. तेवढ्यात थांबवा आणि तीन गोष्टी लिहा: कार्यक्रमाचे नाव, मिनिट, आणि त्या क्षणाच्या लगेच आधी काय बोलले जात होते ते आपल्या शब्दांत. तिसरी गोष्ट बहुतेक जण गाळतात आणि तिथेच घोटाळा होतो. अनेक पॉडकास्टमध्ये जाहिराती भाग उतरवतानाच जोडल्या जातात, आणि त्या ठिकाणाप्रमाणे व तारखेप्रमाणे बदलतात. त्यामुळे तुमचे बाविसावे मिनिट पुण्यातल्या बहिणीकडे चोविसावे असू शकते. आधीचे वाक्य हाताशी असले, की तिला जागा सापडते.

माझ्या वहीतल्या गेल्या आठवड्याच्या तीन नोंदी सांगतो.

पहिली 'नाइन्टी नाइन पर्सेंट इन्व्हिजिबल' या अमेरिकी पॉडकास्टची. न्यूयॉर्कच्या ५९ मजली सिटीकॉर्प इमारतीवरचा त्यांचा भाग २०१४ चा आहे. कोपऱ्यात चर्च असल्यामुळे या इमारतीचे खांब कोपऱ्यांऐवजी प्रत्येक बाजूच्या मधोमध आहेत. १९७८ मध्ये डायन हार्टली ही विद्यार्थिनी प्रबंधासाठी गणित करत होती. कोपऱ्यावरून तिरप्या येणाऱ्या वाऱ्याचा ताण तिला खटकला. इमारतीच्या अभियंत्याच्या कार्यालयातून तिला इमारत भक्कम असल्याचे सांगितले गेले. पुढे रात्री-रात्री वेल्डिंग करून सांधे गुपचूप मजबूत केले गेले, आणि शहरातली वर्तमानपत्रे तेव्हा संपामुळे बंद होती, म्हणून बातमी फुटली नाही. आपला प्रश्न बरोबर होता हे हार्टलींना कित्येक वर्षांनी टीव्हीवरचा माहितीपट पाहताना कळले. त्यांच्या तोंडून ते ऐकताना बाणस्तारीचा पूल कधी मागे पडला ते कळले नाही.

दुसरी 'रेडिओलॅब'च्या २०१२ मधल्या रंगांवरच्या भागाची. कुत्र्याला, माणसाला, फुलपाखराला इंद्रधनुष्य कसे दिसत असेल हे त्यांनी गायकवृंदाकडून गाऊन दाखवले आहे. कुत्र्याच्या डोळ्यात रंग टिपणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या असतात, आपल्या तीन. शेवटी अशा पेशींचे कितीतरी जास्त प्रकार असलेल्या मॅन्टिस श्रिंप या समुद्री जिवाची पाळी येते आणि सगळा वृंद एकदम उसळतो. रंग कानाने कळावा म्हणजे काय, ते मला इथे समजले.

तिसरी 'साँग एक्स्प्लोडर'ची. हृषीकेश हिरवे यांनी हे २०१४ मध्ये सुरू केले. संगीतकार आपल्या गाण्याचे थर सुटे करून दाखवतो, आणि हिरवे आपले प्रश्न संकलनात काढून टाकतात. मुलाखत घेणाऱ्याने इतके मागे राहावे, याचे मला फार कौतुक आहे.

३. रात्री तेवढी दोन मिनिटे पुन्हा ऐका

जेवण झाल्यावर, हेडफोन न लावता. बसमध्ये भारावून टाकणारे बरेच काही घरी फिके वाटते. ते खोडा. आठवड्याला तीन नोंदी उरल्या तरी भरपूर.

४. आधी माणूस, मग लिंक

गटावर पाच लिंक एकदम टाकू नका, कोणी उघडत नाही. इमारतीची गोष्ट मी वेर्ण्याला बांधकामाच्या साइटवर असलेल्या मामेभावाला पाठवली, गायकवृंदाची गाणे शिकणाऱ्या भाचीला. स्पॉटिफायवर आणि यूट्यूबवर ठरावीक वेळेपासून सुरू होणारी लिंक पाठवता येते. सोबत अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप ठेवा: तुलाच का पाठवतोय ते सांगा, शेवट सांगू नका.

घरातल्या वडीलधाऱ्यांना लिंक पाठवून भागत नाही, शेजारी बसून ऐकवावे लागते. त्यांची सुरुवात त्यांच्याच आठवणीतल्या आवाजापासून करा. लिबिया लोबो सरदेसाई आणि वामन सरदेसाई यांनी १९५५ पासून सीमेपलीकडच्या जंगलातून गोवा मुक्तीचे भूमिगत रेडिओ केंद्र चालवले, आणि १९ डिसेंबर १९६१ ला विमानातून मुक्तीची घोषणा केली. लिबियाबाईंना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या मुलाखती ऐकायला मिळतात. मी आजीला बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या पडवीत, बसवून एक ऐकवली. ती मधेच म्हणाली, "थांबव जरा," आणि तिच्या घरी तेव्हा रेडिओ कुठे ठेवलेला असायचा ते सांगू लागली. तेही मी वहीत लिहिले, मिनिटासकट.

५. रविवारी विचारा

सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, पाव देऊन गेला, की चहाबरोबर फोन करायचा. "ऐकलेस का?" असे विचारू नका, समोरच्याला परीक्षा वाटते. "हार्टलींचे बोलणे कसे वाटले?" असे विचारा. मामेभावाने अर्धा तास वाऱ्याच्या दाबावर सांगितले आणि मला एका कोसळलेल्या पुलावरचा भाग सुचवला. भाचीने अजून ऐकलेले नाही. तिला पुढच्या रविवारी पुन्हा विचारीन. जुने भाग फोनमधून काढून टाकले, पुलाचा उतरवून घेतला.