जुन्या अणुभट्टीचा आराखडा कसा तपासून पाहावा

जुन्या अणुभट्टीविषयी वाचताना तिचे वय पाहण्याआधी, बंद केल्यानंतर ती थंड कशी ठेवली जाते, हे शोधावे. अणू फुटण्याची साखळी प्रक्रिया थांबली तरी त्या विखंडनातून (अणू फुटण्यातून) उरलेल्या किरणोत्सारी द्रव्यांचा क्षय चालूच राहतो. त्यामुळे बंद झाल्याच्या क्षणीही पूर्ण शक्तीच्या सुमारे सहा टक्के उष्णता गाभ्यात, म्हणजे इंधन असलेल्या भागात, निर्माण होत असते आणि पाणी पुढे कितीतरी दिवस फिरवत ठेवावे लागते.

पाणी फिरवणारे पंप विजेवर चालतात, म्हणून दुसरा प्रश्न विजेचा. राखीव डिझेल जनरेटर किती आहेत एवढेच पाहू नये, ते कोणत्या मजल्यावर आहेत तेही पाहावे. कोल्हापुरात महापूर पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी आमच्या इमारतीच्या तळघरात शिरले, तेव्हा वीज गेल्यावर उपयोगी पडावा म्हणून ठेवलेला जनरेटरच सर्वांत आधी बुडाला. जपानमधील फुकुशिमा दाइची अणुवीज केंद्रात ११ मार्च २०११ रोजी भूकंप होताच चालू भट्ट्या आपोआप बंद झाल्या, जनरेटरही सुरू झाले; मात्र सुमारे पन्नास मिनिटांनी आलेल्या त्सुनामीने तळघरांतील बहुतेक जनरेटर आणि वीजवाटपाचे फलक पाण्याखाली घातले.

केबलींचे मार्गही विचारावेत. उत्तर प्रदेशातील नरोरा अणुवीज केंद्रात ३१ मार्च १९९३ रोजी टर्बाइनची पाती तुटून आग लागली आणि मुख्य व राखीव केबली जवळजवळून नेलेल्या असल्याने दोन्ही जळाल्या. सतरा तास केंद्र अंधारात होते. कर्मचाऱ्यांनी डिझेलवरचे अग्निशमन पंप चालवून बाष्पजनित्रांत (गाभ्याची उष्णता घेऊन वाफ तयार करणाऱ्या पात्रांत) पाणी सोडले, म्हणून गाभा वाचला. त्यांच्या प्रसंगावधानाविषयी मला मनापासून आदर आहे, पण आराखड्याने त्यांच्यावर ती वेळ आणायला नको होती.

नियंत्रण कक्षातील दिवा नेमके काय दाखवतो, हेही पाहावे. अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात १९७९ मध्ये दाब सोडणारी झडप उघडीच अडकली होती, तरी फलकावरील दिवा ती बंद झाल्याचे सुचवत होता. कारण तो झडपेची स्थिती नव्हे, केवळ बंद होण्याचा आदेश गेल्याचे दाखवत होता.

शेवटी, मूळ दोषांपैकी कोणते दुरुस्त झाले याची नोंद शोधावी. १९६९ मध्ये सुरू झालेल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांतील काही शीतकरण यंत्रणा सामाईक होत्या. २००५-०६ च्या नूतनीकरणात त्या वेगळ्या करण्यात आल्या आणि अधिक क्षमतेचे नवे जनरेटर बसवण्यात आले.