मॉडेल रेल्वेचं मोठं प्रदर्शन कसं बघावं

आत शिरल्या शिरल्या पहिल्याच लेआउटपाशी, म्हणजे रूळ, गाड्या आणि देखाव्याच्या मांडणीपाशी, अडकू नका. आधी सगळ्या हॉलमधून एक झटपट चक्कर मारा आणि कुठे रेंगाळायचं ते ठरवा. लेआउटच्या पाटीवरचं स्केल, म्हणजे मॉडेल खऱ्या गाडीपेक्षा किती पट लहान आहे ते, वाचा. एचओ म्हणजे १:८७, रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर, एन म्हणजे साधारण १:१६०, अंतर फक्त ९ मिलिमीटर. एचओमध्ये इंजिनाचे बारकावे बघावेत, एनमध्ये लांबच लांब गाड्या आणि मोकळा डोंगरदऱ्यांचा देखावा.

सगळ्यात महत्त्वाचं, खाली वाका. डोळे रुळांच्या उंचीवर आले की वळणावरून गाडी थेट अंगावर येते, रुळांच्या कडेचा रंगवलेला गंज आणि खडीवरचा तेलाचा डागही दिसतो. हे काम किती जीव लावून केलंय ते तिथेच कळतं. फोटोही याच उंचीवरून काढा, फ्लॅश बंद ठेवून.

चालवणाऱ्यांशी जरूर बोला, ते भरभरून सांगतात. फक्त शंटिंग, म्हणजे डबे जोडणं-सोडणं, चालू असताना बोलायचं थांबा. जमलं तर मागच्या बाजूचं फिडल यार्डही बघा, पुढच्या गाड्या तिथेच तयार उभ्या असतात.

जुनं इंजिन विकत घ्यायचं असेल, तर टेस्ट ट्रॅकवर दोन्ही दिशांना अगदी हळू चालवून दाखवायला सांगा. वेगात दोष लपतो.