गाडीच्या आतील सफाईसाठी व्हॅक्यूम क्लीनर निवडताना

व्हॅक्यूम क्लीनर घेताना खोक्यावर छापलेल्या वॅटच्या आकड्याला भुलण्यापेक्षा आपल्या गाडीत कोणता मळ साठतो, हे आधी पाहावे. बेळगाव जिल्ह्यात खानापूर, जांबोटी, कणकुंबी या बाजूला ये-जा असेल तर पावसाळ्यात चपला-बुटांबरोबर आलेली तांबडी माती गालिच्याच्या धाग्यांत रुतून बसते, निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या मातीची वाळून ढेकळे होतात, आणि सौंदत्तीच्या यल्लम्माच्या किंवा चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेहून परतल्यावर सीटभर भंडारा पसरलेला असतो.

यांपैकी भंडारा सर्वांत त्रासदायक. हळदीची ही पूड ओल्या फडक्याने पुसली की कापडात पिवळा डाग पक्का बसतो, म्हणून ती आधी कोरडीच ओढून घ्यावी लागते. साध्या जाळीच्या फिल्टरमधून मात्र इतकी बारीक पूड मागच्या हवेबरोबर पुन्हा गाडीतच उडते. त्यामुळे अतिबारीक कणही अडवणारा हेपा फिल्टर असलेले यंत्र घ्यावे. तो धुण्याजोगा असल्यास धुतल्यावर पूर्ण वाळेपर्यंत बसवू नये.

गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणाऱ्या यंत्रांना मूळचीच मर्यादा असते. त्या सॉकेटचा फ्यूज साधारणतः १० ते १५ अँपिअरचा असतो, म्हणजे १२० ते १८० वॅटपलीकडे तेथून काही मिळत नाही. अशा यंत्रावर हजारांत वॅट लिहिलेले दिसले तर विक्रेत्याशी वाद न घालता पुढच्या दुकानात जावे. शिवाय वॅट म्हणजे यंत्र खाते ती वीज. ते किती ओढते हे किलोपास्कलमध्ये (ओढीच्या दाबाचे एकक) दिलेल्या आकड्यावरून आणि हवेच्या प्रवाहावरून कळते. वायर डिकीपर्यंत पोहोचते का, हेही पाहून घ्यावे. बॅटरी जुनी असल्यास इंजिन चालू ठेवून सफाई करणे बरे, पण बंद गॅरेजमध्ये कधीही नाही.

चार्जिंगची बिनवायरी यंत्रे सुटसुटीत असतात, तरी पूर्ण वेगावर बहुधा १०-२० मिनिटांतच थकतात. फरसाणाचे कण आणि सीटवरची धूळ यांना ती पुरेशी आहेत, रुतलेल्या तांबड्या मातीला नाहीत.

गाडी लावण्याच्या जागेजवळ घरगुती वीज असेल, तर माझ्या मते २३० व्होल्टवर चालणारे, ओले-कोरडे दोन्ही ओढणारे यंत्र घेणे उत्तम. मुसळधार पावसात गालिच्यात मुरलेले पाणीही ते खेचते. मात्र पाणी ओढण्यापूर्वी कोरड्या धुळीचा फिल्टर काढून स्पंजचा बसवावा लागतो. त्यात ब्लोअरची सोय असल्यास सीटच्या रुळांतील खडे बाहेर उडवता येतात.

सोबत अरुंद तोंडाची नळी आणि ताठ केसांचा ब्रश हवाच. माती ब्रशने मोकळी केल्याशिवाय कोणतेही यंत्र ती पुरती उचलत नाही. पैसे देण्यापूर्वी सुटा फिल्टर बेळगावात मिळतो की बाहेरून मागवावा लागतो, एवढे विचारून घ्यावे.