कामाच्या दिवसात दहा मिनिटं झाडापाशी: कसं जमवावं?

जेवणाचा डबा बंद केला की हात आपोआप मोबाइलकडे जातो. सकाळपासून पडद्यावर असलेले डोळे पुन्हा पडद्यावरच येतात आणि दुपारी चारच्या सुमारास डोकं जड का झालं ते कळत नाही. मानसशास्त्रज्ञ रेचल आणि स्टीफन कॅप्लन यांनी याचं कारण मांडलं आहे. मुद्दाम एकवटून धरलेलं लक्ष थकतं. हलणारी पानं, ढग, पाखरं यांकडे मात्र ते विनासायास जातं, आणि तेवढ्यात थकलेल्या लक्षाला विसावा मिळतो. मेलबर्न विद्यापीठातल्या २०१५ च्या एका प्रयोगात कंटाळवाण्या कामाच्या मध्येच काही विद्यार्थ्यांना फुलांनी बहरलेल्या गच्चीचं चित्र फक्त ४० सेकंद दाखवलं, तर इतरांना काँक्रीटच्या गच्चीचं. हिरवी गच्ची पाहिलेल्यांच्या चुका पुढच्या कामात कमी झाल्या.

म्हणजे त्यासाठी सह्याद्री गाठायला नको.

१. एकच झाड ठरवा

ऑफिसपासून दोन-तीन मिनिटांवरचं, रोज जाता येईल असं. बाग असेल तर उत्तम, पण पार्किंगमधला पर्जन्यवृक्ष, चहाच्या टपरीमागचा पिंपळ किंवा कंपाउंडलगतची हिरव्या अशोकाची रांगही चालेल. माझं आग्रहाचं सांगणं एवढंच की रोज झाड बदलू नका. ओळख वाढली की बारकावे दिसायला लागतात, आणि मग जावंसंही वाटतं.

२. वेळ चहाला जोडा

‘वेळ मिळाला की जाईन’ म्हटलं तर जाणं होत नाही. अकराच्या किंवा चारच्या चहाला जोडूनच जा. एप्रिल-मे महिन्यांत बारा ते चारचं ऊन टाळा, सकाळी लवकर किंवा पाचनंतर जा. मोठ्या आयटी पार्कमध्ये खाली उतरून गेटबाहेर जाण्यातच वेळ जातो, तिथे आवारातलंच झाड बरं.

३. मोबाइल जागेवर ठेवा

खिशात ठेवला तरी तो थरथरतोच. वेळेची काळजी असेल तर मनगटी घड्याळ घाला.

४. आधी ऐका, मग बघा

पहिली एक-दोन मिनिटं काहीच शोधू नका. उभे राहा किंवा पारावर टेका, श्वास जसा चालला आहे तसा चालू द्या. मग कान द्या. रिक्षांच्या आवाजाआडून फेब्रुवारी-मार्चमध्ये एकसारखं ‘टुक टुक टुक’ ऐकू येईल. तो तांबट. हिरवा, चिमणीएवढा, छातीवर लाल डाग असलेला हा पक्षी उंच फांदीवर बसतो आणि दिसायला वेळ लागतो. त्याला शोधणं हाच एक सुंदर व्यायाम आहे.

मग नजर एका फांदीवर ठेवा. वारा जाणवत नसतानाही पिंपळाचं पान हलतं, कारण त्याचा देठ लांब आणि लवचिक असतो. पर्जन्यवृक्षाची पानं संध्याकाळी मिटतात, आभाळ दाटून आलं तरी मिटतात. खोडावर मुंग्यांची वाट असते, खारीची ये-जा असते. ऋतूप्रमाणे बघायलाही वेगवेगळं मिळतं: हिवाळा सरताना काटेसावरीची लाल फुलं आणि त्यांवर आलेल्या मैना, मग पिंपळाची तांबूस पालवी, एप्रिल-मेमध्ये बहावा आणि आपलं राज्यफूल ताम्हण. पावसाळा सरला की सकाळी बुचाच्या झाडाखाली पांढऱ्या फुलांचा सडा पडतो. एक फूल उचला, लांब दांडा बघा, वास घ्या.

कामाचे विचार येतील, त्यांच्याशी झगडू नका. लक्षात आलं की पुन्हा त्या फांदीकडे वळा.

५. बाहेर जाता आलं नाही तर

पावसात खिडकीतून बघा. घरून काम करत असाल तर गॅलरीतली तुळस, मोगऱ्याची कुंडी पुरते. पाणी घालताना घाई करू नका. रात्रपाळीत चंद्र कुठे पोहोचला ते बघा.

सहकाऱ्याला सोबत नेणार असाल, तर पहिली पाच मिनिटं बोलायचं नाही, असं आधीच ठरवून घ्या.

काही आठवड्यांनी तुम्हाला खोडाला ठोकलेले खिळे, जाहिरातींच्या पाट्या, बुंध्यापर्यंत भिडलेलं काँक्रीट दिसायला लागेल. अशा काँक्रीटमुळे पाणी आणि हवा मुळांपर्यंत पोहोचत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीत झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायचा आदेश दिला होता. आवारातलं झाड असेल तर ऑफिसच्या देखभाल विभागाला तेवढी माती मोकळी करायला सांगा. रस्त्यावरचं असेल, तर फोटो काढून महापालिकेच्या उद्यान विभागाकडे तक्रार करा.