दारू सोडायची आहे? गोव्यात एएच्या मीटिंगला असं जा

सकाळी पेला उचलताना हात थरथरत असतील, तर आधी डॉक्टर, मग मीटिंग. रोज पिणाऱ्याने एका झटक्यात दारू बंद केली की पहिल्या दोन-तीन दिवसांत फीट येऊ शकते, भास होऊ शकतात, माणूस दगावूही शकतो. 'मनावर घे, सुटेल' म्हणणारे हे सांगत नाहीत. बांबोळीच्या आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मानसोपचार इस्पितळात, यावर उपचार होतात. तिथे जायची लाज वाटत असेल तर १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनला फोन करा, पैसे पडत नाहीत. आणि घरच्यांनो, आमटीत गुपचूप दारू सोडवायच्या गोळ्या कालवू नका. वरून दारू पडली तर जिवावर बेततं.

मीटिंग शोधणं सोपं. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, ही दारू सोडू पाहणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेली संघटना. त्यांच्या भारतातल्या संकेतस्थळावर नाहीतर त्यांच्याच हेल्पलाइनवर चौकशी करा. वार, वेळ आणि जागा फोनवर पक्की करा, भाषा कोणती तेही विचारा. 'क्लोज्ड' मीटिंग फक्त पिणाऱ्यांची. बायकोला सोबत न्यायचं तर 'ओपन' बघा. फी नाही, आडनाव सांगायची गरज नाही. १९३५ साली अमेरिकेत एक शेअर बाजारातला माणूस आणि एक डॉक्टर, दोघेही पक्के पिणारे, यांनी हे सुरू केलं. अट एकच: दारू सोडायची इच्छा.

खरी अडचण पुढे आहे. गोवा एवढासा, त्यामुळे जो तो सल्ला देतो, 'लांबची मीटिंग धर, तिथे ओळखीचं कोणी भेटायचं नाही.' मी ऐकलं. राहणार डिचोलीत, मीटिंग धरली मडगावची. जाताना पणजीला बस बदला, येताना परत पणजीला बदला. मीटिंगमध्ये रडून मोकळा झालेला माणूस रात्रीचा स्टँडवर एकटा, पोट रिकामं, बसला अजून वीस मिनिटं, आणि रस्ता ओलांडला की बार. दोन आठवडे टिकलो. तिसऱ्या आठवड्यात शेवटची बस चुकली. चुकवली म्हणा. पुढे महिनाभर मीटिंग बंद आणि क्वार्टर चालू.

म्हणून माझ्यापुरता हा वाद मिटलेला आहे: घराच्या सगळ्यात जवळची मीटिंग धरा, शक्यतो चालत जाता येईल अशी. दुसऱ्यांदा मी तेच केलं. शाळेचा वर्ग, मुलांची बुटकी बाकं, बसलं की गुडघे पोटात. आत पाय ठेवला आणि छातीत धस्स झालं. दुसऱ्या बाकावर आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, पाव आणणारा पोदेर! तसाच मागे फिरणार होतो. त्याने सरकून जागा केली, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा भोंपू वाजला. आईने पिशवी धरली, त्याने चार उंडे मोजून टाकले आणि सायकल पुढे. मी दारातच उभा होतो, माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. इतके दिवस ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नव्हती, की जो मला तिथे बघणार तो स्वतःही तिथेच असणार. आणि लपवायचं तरी काय? मला गटारातून उचलून आणलं तेव्हा अख्खा वाडा बघायला उभा होता. 'बेबदो', म्हणजे दारुडा, ही पदवी गावाने केव्हाच देऊन टाकलेली असते.

आत एकेक जण नाव सांगतो, 'मी अल्कोहोलिक' म्हणतो आणि आपबीती सांगतो. मध्ये कोणी तोंड घालत नाही. पहिल्या दिवशी 'आज फक्त ऐकतो' म्हटलं तरी चालतं. शेवटी पैशांसाठी पिशवी फिरते, वाटलं तर दहा रुपये टाका. काही मीटिंगा चर्चच्या हॉलमध्ये भरतात, म्हणून आमच्या आईने धसका घेतला होता. प्रार्थना असते, पण देव ज्याला जसा उमगला तसा. मी शांतादुर्गा डोळ्यांपुढे आणतो, शेजारचा काहीच मानत नाही.

मीटिंग संपली की पळू नका, नवखे इथेच फसतात. चहा घ्या आणि दोघांचे नंबर घ्या. पुरुषाने पुरुषांचे, बाईने बायकांचे. नंबर नुसता मोबाइलमध्ये पडून राहिला तर फुकट. त्याच रात्री काही काम नसताना एक फोन लावा, म्हणजे भीड चेपते. मी हे केलं नव्हतं, आणि मार्चमध्ये काजूच्या भट्ट्या पेटून वाड्यावर उर्राकचा, म्हणजे काजूच्या दारूचा, वास सुटला तेव्हा हातात मोबाइल घेऊन नुसताच बसून राहिलो होतो.

नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा करा, असं जुने लोक सांगतात. आपल्याकडे रोज जवळ मीटिंग मिळेलच असं नाही. उरलेले दिवस ऑनलाइन भरून काढा. घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं आहे, त्यांना तिकडे पाठवा.

फोनवर काय बोलावं सुचत नसेल तर एवढंच म्हणा, 'परवा मीटिंगला आलो होतो तो मी. आत्ता बारसमोर उभा आहे.' पुढचं तो विचारेल.