थेरपीचा आराखडा एआयकडून लिहून घेताना

दिव्यांग मुलांसोबत काम करणाऱ्या थेरपिस्टचा बराचसा वेळ घरी करून घ्यायच्या गोष्टी लिहून देण्यात जातो आणि हे लेखनाचे काम एआय चांगले हलके करू शकते. मात्र मुलाची तपासणी आणि ध्येयाची निवड आपण आधीच केलेली असली पाहिजे. नुसते निदानाचे नाव घालून ‘थेरपी प्लॅन दे’ म्हटले, तर ‘संतुलनाचे व्यायाम’, ‘संवेदी खेळ’ अशा शब्दांनी भरलेला कागद मिळतो, जो घरी फाइलमध्ये पडून राहतो.

सुरुवात माहिती गाळण्यापासून करावी. मुलाचे नाव, शाळा, फोटो, व्हिडिओ, दिव्यांग प्रमाणपत्राचा क्रमांक यांपैकी काहीही एआयला देऊ नये. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार 18 वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद त्यात आहे. त्यामुळे नाव गाळले तरी एआयचा वापर करत असल्याचे पालकांना सांगून त्यांची लेखी संमती घेणे हेच योग्य.

त्यानंतर मूल काय करते आणि कुठे अडते, हे लिहावे. नमुन्यादाखल एक वर्णन पाहा: ‘वय चार वर्षे, स्पास्टिक डायप्लेजिया (मुख्यतः पायांचे स्नायू ताठर करणारा सेरेब्रल पाल्सीचा प्रकार), जीएमएफसीएस पातळी 3 (हालचालींच्या क्षमतेच्या पाच पातळ्यांपैकी तिसरी). स्टुलावर आधाराशिवाय दोन मिनिटे बसते, पण दोन्ही हात वर नेले की मागे झुकते. मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले आहेत. वस्तू अजूनही तोंडात घालते. दिवसभर आजी सांभाळते. आजीला गुडघ्यांमुळे जमिनीवर बसता येत नाही. घर एका खोलीचे, नवे साहित्य घेणे शक्य नाही. ध्येय: सहा आठवड्यांत स्टुलावर बसून फ्रॉक स्वतः डोक्यातून घालणे.’ माझ्या मते यातले आजीच्या गुडघ्यांचे वाक्य निदानाइतकेच महत्त्वाचे आहे, कारण आराखडा पाळला जाणार की नाही, हे त्यावर ठरते.

एवढे लिहूनही उत्तर जसेच्या तसे घेऊ नये. अशा मुलीसाठी एआय हमखास सुचवते, की तिला जमिनीवर पाय लांब करून बसवावे आणि समोरचे खेळणे उचलायला लावावे. मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असताना पाय लांब केले, की कंबर मागे लोटली जाते, पाठीला बाक येतो आणि दोन्ही हात तोल सावरण्यात अडकतात. म्हणजे ज्या हातांना काम द्यायचे, तेच बांधले जातात. घरातल्या वस्तू वापरायला सांगितले, तर मटार सोलण्यासारखी कल्पना येते. दोन्ही हातांना ती छान आहे, पण वस्तू तोंडात घालणाऱ्या मुलीसमोर मटार ठेवायचे नसतात. त्याऐवजी पाय जमिनीला टेकतील अशा स्टुलावर तिला बसवावे, समोर छातीच्या उंचीवर दोरी बांधावी आणि कपड्यांचे मोठे चिमटे लावायला द्यावेत. आजीने खाटेवर बसून एकेक चिमटा पुढे करावा. दर आठवड्याला दोरी थोडी वर सरकवली, की हात डोक्यापर्यंत नेण्याचा सराव आपोआप होतो.

प्रगती मोजण्यासाठी गोल अटेनमेंट स्केलिंगच्या (ठरवलेले ध्येय किती गाठले हे मोजण्याच्या पद्धतीच्या) उणे 2 ते अधिक 2 अशा पाच पायऱ्या एआयकडून लिहून घ्याव्यात. तिथे ते खरोखर उपयोगी पडते, पण दोन पायऱ्यांमध्ये एकच गोष्ट बदलते आहे ना, हे पाहावे. मदतही कमी आणि वेळही कमी असे एकदम लिहिले, तर नेमके काय सुधारले ते कळत नाही.

वाचा-उपचारात अधिक सावध राहावे लागते. ‘ळ’च्या सरावासाठी शब्द मागितले, तर एआय कधी ‘ळ’ने सुरू होणारे शब्द रचून देते, मराठीत असे शब्द नाहीत. ‘वेळ–वेल’, ‘काळ–काल’ अशा जोड्या आपणच द्याव्यात आणि त्यांभोवती चित्रे, वाक्ये व खेळ तेवढे मागावेत. शिवाय वऱ्हाडात किंवा खानदेशात ‘केळं’ला ‘केयं’ म्हणणारे मूल घरची बोली बोलत असते. मूल कुठले आणि घरात कसे बोलतात हे लिहिले नाही, तर तो उच्चारदोष म्हणून आराखड्यात येतो आणि नसलेल्या दोषावर महिनोन् महिने उपचार चालतात.

गिळण्याच्या अडचणी, फिट्स, शस्त्रक्रियेनंतरचे व्यायाम आणि स्प्लिंट (हातापायाला बांधायचा आधार) किती तास घालायचे, हे प्रश्न एआयला विचारूच नयेत. ते प्रत्यक्ष तपासणाऱ्याकडेच राहावेत.

शेवटी आराखडा आजीला वाचून दाखवता येईल अशा भाषेत, रोज दोनच कृती आणि प्रत्येकीची वेळ ‘आंघोळीनंतर’, ‘वरणभात शिजेपर्यंत’ अशा शब्दांत लिहून घ्यावा. खाली तीन रकाने ठेवावेत: केले, नाही केले, का नाही केले. पुढच्या आठवड्याचा आराखडा मागताना तिसऱ्या रकान्यातला मजकूर सर्वांत आधी लिहावा.