मित्रासोबत रात्रीची एमटीबी (माउंटन बाइक) राईड करायचीये? आधी लाईट कुठे लावायचा ते बघा

रात्री ट्रेलवर, म्हणजे कच्च्या वाटेवर, जायचं तर सुरुवात अशाच ट्रेलपासून करा जो दिवसा तुम्हाला पाठ झालाय. नवीन वाटा शोधायची हौस दिवसा भागवा. ओळखीची वाटसुद्धा अंधारात अनोळखी वाटते, वळण एकदम पुढ्यात येतं, साधा उतार पण जास्त खडा वाटतो आणि वेग आहे त्यापेक्षा जास्त जाणवतो, म्हणून पहिल्या वेळी नेहमीच्या निम्मंच अंतर ठरवा. सोबत असा मित्र घ्या ज्याचा वेग साधारण तुमच्याइतकाच आहे आणि ज्याला थांबायला कंटाळा येत नाही. वाट जंगलातून किंवा कोणाच्या खासगी जागेतून जात असेल तर रात्री तिथे जायला परवानगी आहे का ते आधीच विचारून घ्या, बऱ्याच जंगलांत सूर्यास्तानंतर प्रवेश बंद असतो आणि ते तिथल्या प्राण्यांसाठी योग्यच आहे.

आता लाईट. सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो की किती लुमेनचा (लुमेन म्हणजे लाईट किती उजेड देतो त्याचं माप) घेऊ. निवांत राईडला हँडलबारवर 800 ते 1000 लुमेनचा पसरट उजेड देणारा आणि हेल्मेटवर 500 च्या आसपासचा, जरा लांब फेकणारा, एवढं पुरतं. पण माझ्या मते आकड्यापेक्षा जास्त फरक पडतो तो लाईट कुठे लावलाय याने, आणि ते का हे एकदा समजलं की पुढचं सगळं सोपं होतं.

हेल्मेटचा लाईट डोळ्यांच्या अगदी जवळून निघतो. त्यामुळे समोरच्या दगडाची सावली पडते ती बरोबर दगडाच्या मागे, तुम्हाला ती दिसतच नाही, आणि खडक, मुळं, खळगे सगळं एकाच पातळीत असल्यासारखं सपाट दिसतं. हँडलबारचा लाईट डोळ्यांपेक्षा बराच खाली असतो, त्याने पाडलेली सावली तुम्हाला वरून दिसते, आणि दगड किती वर आलाय, खड्डा किती खोल आहे हे डोळ्याला त्या सावलीवरूनच कळतं. विश्वास बसत नसेल तर एखाद्या अंधाऱ्या जागी जमिनीवर दगड ठेवा, पाचसहा पावलं मागे या, टॉर्च आधी कपाळाला लावून बघा आणि मग कमरेशी धरून बघा. तोच दगड दुसऱ्या वेळी एकदम उठून दिसेल.

मग हेल्मेटवर कशाला लावायचा, तर वळणासाठी. हँडल जिकडे वळलंय तिकडेच हँडलबारचा लाईट बघतो, आणि तीव्र वळणावर तुम्हाला बघायचं असतं वळणाच्या पलीकडे तर तो उजेड पाडतो समोरच्या झुडपावर. हेल्मेटचा लाईट नजरेसोबत फिरतो. म्हणून दोन्ही हवेत, आणि एकच परवडत असेल तर आधी हँडलबारचा घ्या, हेल्मेटवर तोवर साधा हेडलॅम्प पण चालतो.

लाईटचा कोन निघायच्या आधी सेट करा. हँडलबारचा मुख्य झोत साधारण दहा मीटरवर, हेल्मेटचा त्याच्याही पुढे. ताशी 20 किमीने जाताना तुम्ही सेकंदाला साडेपाच मीटर कापता, म्हणजे दहा मीटरचा उजेड संपायला दोन सेकंद पण लागत नाहीत, तेवढ्यातच दिसायला पण हवं आणि ब्रेक पण लागायला हवा. उजेड संपतो त्याच्या आत थांबता आलं पाहिजे, वेग याच्यावरून ठरवायचा.

बॅटरीचं म्हणाल तर खोक्यावर लिहिलेला मोठा तासांचा आकडा बहुतेक वेळा सगळ्यात मंद मोडचा असतो, फुल मोडवर किती चालते ते घरीच एकदा लावून ठेवून बघा. थंडीत लिथियम बॅटरी लवकर उतरते. चढाला मंद मोड भरपूर झाला, फुल उजेड उतारासाठी राखून ठेवा. आणि थांबलात की लाईट कमी करायची सवय लावा, कारण हे लाईट चालत्या वाऱ्यावर थंड होतात, उभ्या उभ्या तापले की बरेचसे आपोआप मंद होतात. शिवाय खिशात एक छोटी टॉर्च हवीच हवी.

आता दोघं असल्यामुळे जे बदलतं ते. मागच्याचा लाईट पुढच्याच्या पाठीवर पडतो आणि पुढच्याचीच सावली नेमकी त्याला जिथे बघायचंय तिथे नाचते, खूप वैताग येतो त्याने. त्यावर उपाय दोन, ज्याचा लाईट जास्त दमदार त्याला पुढे ठेवा आणि मागच्याने दिवसापेक्षा जास्त अंतर सोडा. अंतर सोडलं की पुढच्या चाकाने उडवलेल्या धुळीतही मागचा सापडत नाही, नाहीतर धूळ उजेडात चमकते आणि समोर पांढरा पडदा उभा राहतो. धुक्यातही तसंच होतं, तेव्हा हेल्मेटचा लाईट सरळ बंद करा आणि फक्त खालच्यावर हळू चला.

बोलताना मित्राच्या तोंडाकडे वळून बघायची सवय असते आपल्याला, आणि हेल्मेटवर लाईट असला की तो सरळ त्याच्या डोळ्यांत जातो. डोळे अंधाराला पूर्ण सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात आणि एका झोतात ते सगळं वाया जातं. मान वळवायच्या आधी लाईटवर हात ठेवा. मागचा लाल लाईट रस्त्यावर असेपर्यंत चालू ठेवा, ट्रेलवर मात्र ब्लिंकिंग बंद करा, मागच्याचं डोकं उठतं.

पुढच्याने ओरडून सांगायचं, ‘दगड’, ‘फांदी’, ‘थांबतोय’. प्रत्येक फाट्यावर थांबायचं आणि मागचा उजेड दिसल्याशिवाय हलायचं नाही. कोणाचा लाईट मध्येच गेला तर दोघांनी जागच्या जागी थांबायचं, छोटी टॉर्च काढायची आणि अवघड पट्टा असेल तर सायकल हातात धरून चालत उतरायचं.

चष्मा लागत नसेल तरी पारदर्शक काचेचा गॉगल घाला, हेल्मेटच्या उजेडावर किडे थेट चेहऱ्यावर येतात. वाटेवरची कोळ्याची जाळी सगळी पुढच्याच्या वाट्याला, त्यामुळे आलटून पालटून पुढे जा! कधी गवतात दवाच्या थेंबांसारखे बारीक हिरवट ठिपके चमकताना दिसतील, जवळ जाऊन बघा, बऱ्याचदा ते जमिनीवर फिरणाऱ्या लांडगा कोळ्याचे डोळे असतात. रात्री फिरणाऱ्या बऱ्याच प्राण्यांच्या डोळ्यांत पडद्यामागे उजेड परतवणारा थर असतो आणि तुमचा लाईट डोळ्यांपाशीच असल्यामुळे तो परतलेला उजेड बरोबर तुमच्याकडेच येतो. मोठे डोळे चमकले तर थांबा, बोलत राहा, झोत बाजूला वळवा आणि त्याला जायला वाट द्या.

चांदणं हवं असेल तर पौर्णिमा किंवा तिच्या आधीचे एकदोन दिवस धरा. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि पुढे रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा, म्हणजे नंतरच्या दिवसांत संध्याकाळची राईड अर्धीअधिक अंधारातच होते. मोकळ्या रुंद चढावर दोघांनी मिळून लाईट बंद करून बघा, डोळे सरावले की वाट स्वच्छ दिसते, पण उतारावर हे अजिबात नको.

सामान दिवसासारखंच, ट्यूब, टायर लिव्हर (टायर रिमवरून काढायची पट्टी), पंप, मल्टीटूल, चेनची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), पाणी, एक जास्तीचं जॅकेट आणि ऑफलाईन मॅप उतरवलेला फोन. फक्त प्रत्येक वस्तू ठरलेल्या खिशात ठेवा आणि एक फिकट रंगाचं फडकं घ्या, पंक्चर काढताना ते खाली अंथरलं की व्हॉल्व्हची टोपी नाहीतर क्विक लिंक मातीत हरवत नाही. एकाने टॉर्च धरायची, दुसऱ्याने टायर आतून बोटांनी हळूच चाचपायचा, काटा तिथेच अडकलेला असतो आणि तो काढला नाही तर नवी ट्यूब पण जाते.

निघायच्या आधी घरी कोणालातरी वाट आणि परतायची वेळ सांगा, आणि परत आलात की आधी त्यांना मेसेज टाका, मग सायकल धुवायचं बघा. बॅटरी थंड झाल्यावरच चार्जिंगला लावा.